सोसले कुणाचे?

म्हैसूर दरबारचे कवी सोसले अय्या शास्त्री यांच्या नावातलं 'सोसले' हे आडनाव समजून कुणी मराठी माणूस सोसले घराण्याची वंशावळ जुळवू लागला, तर त्याला घराणं सापडणार नाही, गाव सापडेल. टी. नरसीपूर तालुक्यातलं हे सोसले माध्व संप्रदायाच्या व्यासराज मठामुळे ओळखलं जातं. जुन्या म्हैसूरकडे गाव नावाच्या आधी लागतं. कन्नड कवी कुवेंपूंचं पूर्ण नावही तसंच: कुप्पळ्ळी हे गाव, वेंकटप्पा वडील आणि पुट्टप्पा स्वतः.

आपण गाव मागे लावतो आणि त्याला 'कर' जोडतो. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतलं. त्याच गावातून निघालेलं, रक्ताचा काडीचाही संबंध नसलेलं दुसरं घराणंही मंगेशकर म्हणवून घेऊ शकतं. कुलकर्णी, देशपांडे, पाटील यांची तर गोष्टच सोडा. ती वतनं होती आणि गावोगावी होती.

मग आडनावावरून मूळ पुरुष शोधायचा कसा? इथे वाय गुणसूत्र उपयोगी पडतं. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. मधूनमधून एखादा बारीक बदल होतो आणि तो पुढच्या पिढ्यांत उतरतो. अशा बदलांची यादी दोघांमध्ये जुळली, तर पुरुषपरंपरेत त्यांचा पूर्वज फार मागे नाही, असं म्हणता येतं.

अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घराण्यावर हा प्रयोग झाला. त्यांच्या औरस मुलांपैकी एकही मुलगा वंश चालवायला जगला नाही, म्हणून चुलत्याच्या वंशजांचं वाय गुणसूत्र तपासलं गेलं. जेफरसनांच्या मालकीच्या गुलाम सॅली हेमिंग्ज यांचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी ते जुळलं. हे 1998 मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र जेफरसनांच्या भावाचं वाय गुणसूत्रही तेच; त्यामुळे बाप नेमका कोण, हे एकट्या गुणसूत्रावरून ठरत नव्हतं. त्यासाठी जुनी कागदपत्रंच उघडावी लागली.

मला त्याहून रंजक वाटतो तो 2007 चा अभ्यास. घराणं मूळचं वेल्सचं, अशी जेफरसनांच्या घरची समजूत. संशोधकांनी ब्रिटनमधले 85 जेफरसन आडनावाचे पुरुष तपासले. अध्यक्षांशी जुळले फक्त दोन. कारण साधं आहे. जेफरसन म्हणजे जेफ्रीचा मुलगा, आणि जेफ्री काय एकच होता?

'कर' आडनावांची गतही हीच. शिवाय दहा पिढ्या मागे गेलं, तर वंशवृक्षात पूर्वजांच्या 1024 जागा होतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच पुरुषाची वाट दाखवतं. आजीचं माहेर त्यात नसतंच.

म्हणून आपल्याकडे शोधाची सुरुवात थुंकीच्या नमुन्यापेक्षा वहीपासून केलेली बरी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळींत यात्रेकरूंची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत, आणि तिथे उपाध्याय आडनावाबरोबर मूळ गावही विचारतात. जुनी पानं मोडीत असतात. ती वाचणारा जाणकार सोबत न्यावा. वहीत दोन शाखांचा एकच पणजोबा निघाला, तर मग दोन्हीकडच्या एकेका पुरुषाचं वाय गुणसूत्र तपासून वही खरी की खोटी, ते पाहता येईल.