मरळ माशांवरील व्रणरोग : स्वरूप, कारणे आणि ढिवर समाजापुढील प्रश्न

गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव, बोड्या आणि वैनगंगेच्या उपनद्या यांवर ढिवर समाजाची उपजीविका मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. कुरखेडा परिसरात मरळ हा चांगला भाव मिळवून देणारा मासा होय. परंतु अंगावर जखम दिसताच ग्राहक पाठ फिरवतो व सोबतची निरोगी मासळीही पडून राहते. या भीतीमागील शास्त्रीय तथ्य तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साथीचा व्रणरोग प्रथम १९७१ मध्ये जपानमध्ये नोंदविला गेला. भारतात तो १९८८ मध्ये ईशान्येकडील राज्यांतून शिरला व पुढे देशभर पसरला. ॲफॅनोमायसिस इन्व्हाडान्स हा त्याचा कारक जीव बुरशीसारखा दिसत असला तरी खरी बुरशी नव्हे. वर्गात शिकविताना हा भेद आपल्याकडून अनेकदा निसटतो. त्याचे पोहणारे बीजाणू माशाच्या त्वचेला चिकटतात, तंतू स्नायूंत खोल शिरतात आणि लाल ठिपक्याचे रूपांतर व्रणात होते. पावसाळ्यानंतर पाण्याचे तापमान १८ ते २२ अंशांपर्यंत उतरले की माशांची प्रतिकारशक्ती मंदावते. म्हणूनच साथी प्रामुख्याने हिवाळ्यात उद्भवतात. मरळ, मागूर व खवली अधिक बळी पडतात, तर सायप्रिनस व तिलापिया बहुधा बचावतात.

अमेरिकेतील चेसापीक उपसागरात १९९७ मध्ये पट्टेदार बास माशांवर असेच व्रण आढळले आणि गळ टाकणारे धास्तावले. तेथील कारण मात्र मायकोबॅक्टेरिया होते. त्यांतील काही जाती हातावरील जखमेतून माणसाच्या त्वचेत शिरू शकतात. आपल्याकडील व्रणरोगाचा कारक जीव ३७ अंशांवर वाढत नाही, त्यामुळे माणसाला त्याची बाधा होत नाही. तथापि उघड्या व्रणात इतर जिवाणू वाढतात, म्हणून व्रण असलेला मासा खाऊ नये. त्याच तलावातील निरोगी मासा नाकारणे मात्र सर्वस्वी अनाठायी आहे.

लहान तळ्यांत चुना किंवा दर हेक्टर-मीटर पाण्यास एक लिटर सिफॅक्स उपयोगी पडते. नदीत वा विस्तीर्ण तलावात असा उपचार व्यवहार्य नाही. तेथे मेलेले मासे पाण्यात न फेकता चुन्यासह पुरणे, जाळी उन्हात पूर्ण वाळविणे आणि बाधित तलावातील बीज अन्यत्र न नेणे, एवढेच हाती उरते.

प्राथमिक निदानास महागडी उपकरणे लागत नाहीत. व्रणाच्या मध्यभागातील नव्हे, तर कडेखालील स्नायूचा तुकडा काचपट्ट्यांमध्ये दाबून पाहिल्यास विभाजकपटल नसलेले रुंद तंतू महाविद्यालयीन सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात.