जेलीफिन : घरातले माध्यमभांडार

वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत जपलेली हस्तलिखिते रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या सूचीमुळे अभ्यासकांपुढे आली आणि पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ हे अपभ्रंश काव्य १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेत छापले गेले. जपणुकीला सूचीची जोड मिळाली, तेव्हाच हे घडू शकले. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी, भजन-कीर्तनाच्या ध्वनिफिती आणि मानोऱ्याकडील तांड्यांत होळीला गायिली जाणारी, मोबाइलवर टिपलेली लेंगी गीते यांनाही हीच जोड हवी आहे.

त्यासाठी उपयोगी पडणारे ‘जेलीफिन’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते असे साधन, डिसेंबर २०१८ मध्ये जन्मले. ‘एम्बी’ या प्रकल्पाने आपली संहिता बंद केली, तेव्हा काही स्वयंसेवकांनी तिची शेवटची खुली आवृत्ती घेऊन स्वतंत्र वाट धरली. जेलीफिन घरच्याच एखाद्या जुन्या संगणकावर बसवता येते. सतत चालू राहून इतर उपकरणांना सामग्री पुरवणाऱ्या अशा संगणकाला होम सर्व्हर म्हणतात. वर्गणी नाही, बाहेरच्या कंपनीकडे खाते नाही, आणि इंटरनेट बंद पडले तरी घरातल्या वायफायवरून टीव्ही व मोबाइलवर चित्रफीत चालते. समोरच्या उपकरणाला फाइलचे स्वरूप झेपत नसेल, तर ‘एफएफएमपेग’ हे दुसरे मुक्त साधन ती चालता चालता रूपांतरित करते. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात आणि जुन्या प्रोसेसरवर सर्वांत जास्त ताण याचाच पडतो. दहा वॅट वीज घेणारा छोटा संगणक अखंड चालवला, तर महिन्याला सुमारे सात युनिट वीज लागते. मात्र वीज अचानक गेल्यास नोंदींचा डेटाबेस बिघडू शकतो, म्हणून यूपीएस अत्यावश्यक मानावा.

खरे कष्ट पुढेच आहेत. चित्रपटाचे नाव, साल व कलाकार जेलीफिन इंटरनेटवरील कोशांतून आपोआप आणते. रिसोडच्या एखाद्या घरातल्या लग्नाची माहिती मात्र कोणत्याही कोशात नसते. वऱ्हाडात कोण होते, मंगलाष्टके कोणी म्हटली, गाव कोणते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून हातानेच लिहावे लागते, आणि ते सांगणारी माणसे हयात असेपर्यंतच ते लिहिता येते. या नोंदींशिवाय उत्तम सर्व्हरही निनावी फाइलींचा ढीगच ठरतो. शिवाय एका डिस्कवरची प्रत म्हणजे जपणूक नव्हे. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे ठेवावी.

सर्व्हर सावकाश उभारला तरी चालेल, परंतु ज्यांच्या घरी व्हीसीआर अजून चालतो त्यांनी कॅसेटींचे डिजिटल रूपांतर आधी उरकावे, कारण व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ सालीच त्याचे उत्पादन थांबवले आहे.