कुरकुर कुठली, दुखणे कुठले?

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या खोकल्याची जशी सर्वांना सवय होते, तशीच मोटारीच्या आवाजाचीही होते. रोजचा खोकला कोणी मनावर घेत नाही. पण एखाद्या रात्री तो निराळा वाटला की सारे घर अंथरुणात उठून बसते. मोटारीच्या बाबतीत ही वेळ स्टिअरिंगमधून आवाज येऊ लागला म्हणजे येते. इंजिन बंद पडले तर गाडी फार तर जागच्या जागी उभी राहील. दार खडखडले तर ते दोरीने बांधता येईल. पण स्टिअरिंग फिरवले आणि चाके वळलीच नाहीत, तर पुढचे सांगायला नको! म्हणून या आवाजाचा माग कसा काढावा, हे गाडी चालवणाऱ्यानेच नव्हे, तर शेजारी बसणाऱ्या गृहिणीनेही जाणून घ्यावे. पुष्कळदा तो आवाज पहिल्यांदा तिलाच ऐकू येतो.

डोंगराळ वाटेने जाणाऱ्या गाड्यांत हा प्रश्न अधिक. या साऱ्या गाड्यांची आजी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. युद्ध संपले आणि ही गाडी शेतावर, जंगलात, धरणांच्या कामावर गेली. आपल्याकडे १९४९ मध्ये मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलिस जीपचे परदेशातून आलेले सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करण्यास आरंभ केला. तेव्हापासून मामलेदाराची जीप, डॉक्टरांची जीप, निवडणुकीची जीप असे तिचे कितीतरी अवतार महाराष्ट्राने पाहिले. आता पगारदार माणसेही सुटीच्या दिवशी सह्याद्रीच्या पायथ्याशी चिखल तुडवण्यासाठी चारही चाकांना जोर मिळणारी गाडी बाळगतात.

आवाज फसवतो तो असा

स्टिअरिंग म्हणजे हातातले गोल चाक, एवढीच आपली समजूत असते. वस्तुतः ती एक साखळी आहे. हातातल्या चाकापासून एक दांडा खाली उतरतो आणि स्टिअरिंग बॉक्समध्ये शिरतो. जुन्या धाटणीच्या जीपमध्ये हा बॉक्स चासीच्या पोलादी चौकटीला बोल्टांनी आवळलेला असतो. बॉक्समधून एक आखूड हात बाहेर येतो. तो एक लांब दांडी ढकलतो वा ओढतो. त्या दांडीला पुढच्या दोन चाकांना जोडणारा टाय रॉड, टाय रॉडच्या टोकांना बॉल जॉइंट आणि शेवटी ज्यांच्यावर चाके वळतात ते किंगपिन. एवढ्या सांध्यांपैकी एक जरी झिजला, सुकला किंवा सैल झाला, तरी साखळी बोलू लागते.

मौज अशी की ती बोलते एकीकडून आणि ऐकू येते दुसरीकडून. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादातून सुमारे ५ हजार मीटर. चाकाजवळ उठलेला ‘टक्’ दांड्यादांड्यांतून धावत थेट आपल्या तळहातापर्यंत येतो आणि आपण म्हणतो, “हा पाहा, स्टिअरिंगखालीच आहे!” शिवाय आवाजाची दिशा आपण ओळखतो ती तो एका कानाला दुसऱ्यापेक्षा अंमळ आधी पोचतो म्हणून. गाडीच्या बंद डब्यात तो काचांवर आणि पत्र्यावर आपटून चोहोंकडून येतो, तेव्हा दोन्ही कानांचा हा हिशेब चुकतो. म्हणून आवाज जिथे ऐकू आला तिथला भाग बदलणे म्हणजे पाय दुखतो म्हणून बूट बदलण्यासारखे आहे. कधी कधी गुण येतो, नाही असे नाही. पण बहुधा खर्चच होतो.

शेलारचे मिस्त्री

याचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागले आणि कामवारी नदी ओलांडली की शेलार लागते. मागे मागांची खटखट, पुढे मालमोटारींची रांग आणि रस्त्याला खड्डे. आमच्या भावोजींची जीप याच रस्त्याने वज्रेश्वरीला निघाली होती. गाडी जुनी, तिसऱ्या हाताची. गेले दोन महिने ती डावीकडे वळताना ‘टक्’ असा आवाज करीत होती. तीन गराजे झाली होती आणि तीन बिलेही झाली होती. एकाने टाय रॉडची टोके बदलली, दुसऱ्याने दांड्याचा बुश बदलला, तिसऱ्याने सगळीकडे ग्रीस भरून “आता ऐकू येणार नाही” असे सांगितले. ते चार दिवस खरे ठरले.

शेलारच्या अलीकडे एका खड्ड्यातून बाहेर पडताना ‘टक्’चा ‘खट्’ झाला. मागे बसलेली ताई म्हणाली, “अहो, आता पुरे. आधी गाडी दाखवा, मग देवी.” रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्क मिस्त्री चहा घेत बसले होते. त्यांनी गाडीला हातही न लावता प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“आवाज डावीकडे वळताना येतो की उजवीकडे?”

“डावीकडे.”

“गाडी उभी असताना, का पळताना?”

भावोजींनी आठवून पाहिले. “उभी असताना, नाहीतर अगदी हळू असताना. वेगात नसतो. फक्त खड्ड्यात येतो.”

“आणि आधीच्यांनी गाडी जॅकवर चढवून पाहिली असेल, नाही का साहेब?”

“हो, तिन्ही वेळा.”

“मग कसा सापडेल?” मिस्त्री हसले. “चाकं हवेत गेली की भार संपला. भार नाही तर आवाज नाही. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस खाटेवर निजवून तपासला तर तो म्हणणारच, मला काही होत नाही!”

या एका वाक्यात माग काढण्याचे अर्धे शास्त्र आले. उभ्या गाडीची चाके डांबरावर फिरवताना साखळीवर सर्वांत जास्त ताण पडतो. वेग आला की चाके सहज वळतात आणि ताण उतरतो. त्यामुळे उभ्या गाडीत ऐकू येणारा आवाज ताणाने उमटणारा असला पाहिजे. जॅकवर चढवलेल्या गाडीत तो मुका होतो. यापूर्वीच्या तपासणीत हत्यारे चांगली होती, हातही चांगले होते. पण ज्या अवस्थेत गाडी ओरडते ती अवस्थाच तिला दिली गेली नव्हती.

खडूची रेघ

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावले. आवाज राहिला, म्हणजे पट्टा, पंखा आणि इंजिनाचे रबरी पाय बाद झाले. चारही चाकांना जोर देणारा दांडा सोडलेला आहे ना, ते पाहिले. म्हणजे तीही शंका गेली. मग चाके जमिनीवर ठेवूनच पोऱ्याला आत बसवले आणि स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे हलवत राहायला सांगितले. स्वतः खाली शिरून ते एकेका सांध्यावर तळहात ठेवू लागले. कानापेक्षा हात खरा, हे त्यांचे म्हणणे. सैल सांधा तळहाताला टिचकी मारतो. टाय रॉडची टोके गप्प होती. ती तर नवीच होती. लांब दांडी गप्प. मग एक लांब स्क्रू-ड्रायव्हर बॉक्सला टेकवून त्याची मूठ त्यांनी कानाला लावली. पॅरिसच्या डॉक्टर लेनेकने १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. मिस्त्रींची युक्ती त्याच जातीची.

“इथंच आहे,” ते म्हणाले. “पण बॉक्सच्या आत नाही.”

बॉक्स जिथे चासीला आवळलेला होता, तिथला वर्षांचा चिखल त्यांनी खरवडला. बोल्टाच्या भोकापासून निघालेली गंजाची एक तांबूस रेघ दिसली. त्यांनी ती जागा पुसून रॉकेलने भिजवली, पुन्हा कोरडी पुसली आणि वर खडूची पूड चोळली. स्टिअरिंग पुन्हा हलवताच पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटली. रॉकेल भेगेत शिरले होते आणि ताणाबरोबर बाहेर येत होते. तेल व खडूने धातूतली भेग शोधण्याची ही रीत आगगाडीच्या कारखान्यांत फार पूर्वीपासून वापरली जाई. शेलारच्या शेडमध्ये ती जशीच्या तशी उपयोगी पडली.

दोष चासीच्या चौकटीत होता! डावीकडे वळताना बॉक्सला बसणाऱ्या धक्क्याने भेग उघडे आणि मिटताना ‘टक्’ करी. हा दोष ना नव्या टोकांनी जाणार होता, ना ग्रीसने. भेग वाढत वाढत बॉक्स चौकटीपासून सुटला असता, तर हातातले चाक फिरले असते आणि रस्त्यावरची चाके सरळच गेली असती.

“आज गाडी इथंच राहील,” मिस्त्री म्हणाले.

“हळू चालवत घरी नेली तर?” भावोजींनी विचारले.

“नाही साहेब. वहिनी आणि पोरं बरोबर आहेत.”

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मंडळी रिक्षाने भिवंडीला परतली. मिस्त्रींनी बॉक्स उतरवला, भेग पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाशी बारीक भोक पाडले, भेग वेल्डिंगने भरली आणि वर जाड पोलादी पट्टीचा आधार दिला. चौथ्या दिवशी गाडी मिळाली आणि वज्रेश्वरीचे दर्शन पुढल्या रविवारी झाले.

प्रत्येक आवाजाला भिऊ नये

यावरून वाचकांनी प्रत्येक कुरकुरीला भ्यावे असे मात्र नाही. काही आवाज केवळ तक्रारखोर असतात. इंजिन चालू असताना स्टिअरिंग अगदी शेवटपर्यंत वळवल्यावर येणारी ‘कुईं’ बहुधा सैल पट्ट्याची, आणि कण्हल्यासारखा आवाज आला तर पॉवर स्टिअरिंगचे तेल कमी झाल्याची शक्यता. स्टिअरिंगचा दांडा जिथून पत्र्यात शिरतो तिथले रबर सुकले की चपलेसारखे करकरते. पावसाळ्यात पाट्यांच्या स्प्रिंगा कुरकुरतात. पूर्ण वळवल्यावरच ‘खर्र’ घासल्यासारखे झाले, तर टायर आतल्या बाजूला कुठे लागतो का ते पाहावे. मोठे टायर हौसेने बसवलेल्या गाड्यांत हे हमखास आढळते.

एक आवाज तर गाडीचा नसून चालवणाऱ्याच्या विसरभोळेपणाचा असतो. वळणावर प्रत्येक चाक निराळ्या वर्तुळावरून जाते. आतल्या चाकाने बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे, ही रचना म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या गाडीकाराची. १८१८ मध्ये अ‍ॅकरमनने तिचे पेटंट इंग्लंडमध्ये घेतले, म्हणून नाव अ‍ॅकरमनचे राहिले. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलातून बाहेर आल्यावर चारही चाकांचा जोर तसाच ठेवून कोरड्या डांबरावर वळलात, तर साध्या जीपमध्ये पुढची व मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात. स्टिअरिंग जड होते, गाडी उड्या मारते आणि खालून कटकट ऐकू येते. दांडा सोडा, भांडण मिटते. न सोडता रेटत राहिलात, तर मात्र दातेचक्रांवर बेतते.

याउलट काही आवाजांना थारा देऊ नये. स्टिअरिंग हलवताच ‘खट्’ होणे आणि त्याबरोबर हातात ढिलाई जाणवणे; खड्डा बसल्यावर पुढची चाके थरथरून स्टिअरिंग हातातून सुटू पाहणे (जुन्या जीपमध्ये किंगपिन वा टाय रॉड झिजल्याची ही खूण असू शकते); वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी ‘घर्र’, जी चाकाच्या बेअरिंगची असते; आणि दिवसेंदिवस मोठा होत जाणारा कोणताही आवाज. यांपैकी काही आढळले तर गाडी बाजूला घ्यावी. मुक्कामाचे ठिकाण जवळ आहे, ही सबब चालत नाही.

गराजात काय सांगावे?

“काहीतरी आवाज येतो” एवढेच सांगणारा ग्राहक मिस्त्रीला अंधारात सोडतो. त्यापेक्षा पाच गोष्टी टिपून न्याव्यात: वळण डावे की उजवे, गाडी उभी की चालती, इंजिन चालू की बंद, गाडी रिकामी की भरलेली, हवा कोरडी की पावसाळी. आवाज सुरू होण्यापूर्वी गाडीला काय झाले, मोठा खड्डा, नवे टायर की एखादी दुरुस्ती, तेही सांगावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग गाडी पुन्हा चालवून पाहावी. चार भाग एकदम बदलले, तर आवाज कशाने गेला हे कोणालाच कळत नाही. स्वतः गाडीखाली शिरण्याची हौस असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये. खाली भक्कम आधार हवाच.

आता गाड्यांत संगणक आले आहेत. चिमट्याने निरनिराळ्या भागांना छोटे मायक्रोफोन लावून चालत्या गाडीत एकेकाचा आवाज ऐकण्याची साधनेही मिळतात. ती उपयुक्त आहेत. पण चौकटीतली भेग संगणकाच्या पडद्यावर दिवा लावत नाही. ती आधी बारीकसा आवाज करते आणि कोणीतरी ऐकेल म्हणून वाट पाहते. भिवंडीच्या मागांवरचा जाणता जॉबर शंभर मागांच्या गोंगाटात एका मागाचा ताल बिघडलेला ओळखतो, तो त्याला रोजचा ताल पाठ असतो म्हणून. आपल्या गाडीचा रोजचा ताल आपल्यालाही पाठ हवा.

दिवाळीच्या सुटीत अनेक कुटुंबे गाडी काढून गावाकडे, कोकणात वा घाटावर निघतील. निघण्याआधी एकदा गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन व रेडिओ बंद ठेवा, काचा खाली घ्या आणि चाके जमिनीवर असतानाच स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवा. एकाने आत बसावे, एकाने बाहेर उभे राहून ऐकावे. दोन मिनिटांचे काम आहे. काही ऐकू आले नाही तर आनंदाने निघा; आणि काही ऐकू आलेच, तर फराळाचे डबे खाली उतरवून आधी मिस्त्रीचे घर गाठा.