खर्जाची तार: तंबोऱ्यापासून बेस गिटारपर्यंत

(अकोले येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. सभेतले प्रश्न ओघात घेतले आहेत.)

आजचा विषय अगदी लहान आहे, मिलिमीटरहूनही लहान. तंबोऱ्याला, वीणेला किंवा बेस गिटारला तार कोणती लावायची, एवढंच. पण भजनी मंडळाचा तंबोरा सुरात राहत नाही, तबली दबते, खुंट्या फिरतात, तेव्हा आपण खुंटीला खडू लावतो, घोडीला दोष देतो, हवेला दोष देतो. तारेकडे शेवटी बघतो. खरं म्हणजे तिथूनच सुरुवात करायला हवी. कारण मंडळ वाद्य एकदाच विकत घेतं आणि चुकीच्या तारेचा ताण ते वाद्य वर्षानुवर्षं सोसतं.

आधी तंबोरा. चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या म्हणजे षड्जाच्या, आणि चौथी खर्जाची, जोडीपेक्षा एक सप्तक खाली. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर जोडीच्या तारा सेकंदाला सुमारे 139 वेळा कंप पावतात आणि खर्जाची तार 69 वेळा. निम्म्याने. हे निम्मं कसं मिळवायचं, यातच तारेच्या निवडीचं सगळं गणित आहे.

फ्रान्समधल्या मेर्सेन नावाच्या विद्वानाने 1636 साली तारेचे नियम मांडले. साध्या भाषेत सांगतो. तार लांब केली की सूर उतरतो. तार ताणली की सूर चढतो, पण सूर दुप्पट करायला ताण चौपट लागतो. आणि तार जड केली की सूर उतरतो. एकाच धातूची, तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच ताणाची तार दुप्पट जाड घेतली, तर सूर बरोबर एक सप्तक खाली जातो.

आता आपल्या तंबोऱ्याला हे लावून बघू. घोडीपासून वरच्या आटीपर्यंत एक मीटर लांबी धरा. जोडीला 0.30 मिलिमीटरची पोलादी तार लावून ती काळी एकला आणली, तर तिच्यावर साधारण सव्वाचार किलोचा ताण येतो. तेवढ्याच ताणावर खर्ज हवा असेल तर पोलादी तार 0.60 मिलिमीटरची लागेल. पितळ पोलादापेक्षा थोडं जड, म्हणून पितळेची 0.58 च्या आसपासची तार पुरते. कांस्याची आणखी किंचित बारीक.

इथे एकाने प्रश्न विचारला आहे: पोलादी तार जर मिळते, तर पितळ कशाला? फक्त जुनी रीत म्हणून का?

नाही. जाड पोलादी तार ताठ असते. आदर्श तार नुसती ताणामुळे कंप पावते, पण ताठ तारेत सळईचा गुण येतो. मग तिचे वरचे स्वयंभू स्वर जिथे असायला हवेत त्याच्या थोडे वर सरकतात. पितळेचा ताठरपणा पोलादाच्या जवळजवळ निम्मा, म्हणून जाड असूनही ती मऊ चालते. आणि तंबोऱ्याचं सौंदर्य तर या स्वयंभू स्वरांतच आहे. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर लेख लिहिला. आपल्या वीणेची आणि तंबोऱ्याची घोडी रुंद आणि वरून किंचित बाकदार असते, त्यामुळे एरवी ऐकू न येणारे वरचे स्वरही तारेतून उमटतात, असं त्यांनी दाखवलं. घोडीवर तारेखाली सूत सरकवून आपण जवारी खुलवतो, ती हीच गोष्ट. तेच वरचे स्वर मूळ तारेत बिघडलेले असतील, तर कितीही सूत सरकवा, झंकार स्वच्छ येणार नाही.

मग उलट प्रश्न. पितळ इतकं चांगलं, तर चारही तारा पितळेच्या का नकोत? कारण पितळ तुटतं. आणि इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. तार तुटली की दुकानात जाऊन आपण म्हणतो, "जरा जाड द्या." जाड तारेत ताकद जास्त असते हे खरं, पण तिला त्याच सुरावर आणायला ताणही त्याच प्रमाणात जास्त लागतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. एका लांबीवर एका धातूची तार कोणत्या सुरापर्यंत चढेल, हे जाडीवर ठरतच नाही, धातूवर ठरतं. म्हणून काळी एकला पितळेची जोड तुटण्याच्या काठावर असते, पोलादी जोड आरामात राहते. पंचम मधे येतो. पुरुषांच्या तंबोऱ्यात पंचम पितळेचाही चालतो, पोलादाचाही. पण काळी चारच्या आसपास लावलेल्या बायकांच्या तंबोऱ्यात पंचम पोलादीच बरा. तिथे पितळ फक्त खर्जाला.

आता पहिल्या तारेबद्दल आणखी एक. मालकंसासारख्या रागात पंचम नसतो, मग ती तार आपण मध्यमाला उतरवतो. ताण साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो, तार थोडी सैल बोलते. मारव्यासारख्या रागात ती निषादाला चढवली, तर ताण दीडपटीहून जास्त होतो. ज्यांना नेहमी निषाद लागतो त्यांनी पहिली तार एक नंबर बारीक ठेवावी. ज्यांना मध्यम लागतो त्यांनी एक नंबर जाड.

नंबरावरून आठवलं. तंबोऱ्याच्या तारांचा नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. 28 नंबर म्हणजे 0.38 मिलिमीटर, 30 नंबर म्हणजे 0.32, 32 नंबर म्हणजे 0.27. गिटारच्या तारांचं नेमकं उलटं. तिथे आकडा इंचाच्या हजाराव्या भागात असतो, म्हणून आकडा मोठा तर तार जाड. एकाच दुकानात दोन्ही प्रकारची पाकिटं शेजारी टांगलेली असतात. मागताना मिलिमीटरमधे मागा, घोटाळा होणार नाही.

वारकरी मंडळींनी वीणेबद्दल विचारलं. गळ्यात घालायची वीणा तंबोऱ्यापेक्षा आखूड. समजा लांबी पाऊणपट आहे आणि तंबोऱ्याच्याच तारा त्याच पट्टीत लावल्या. ताण निम्म्याच्या थोडा वर, एवढाच उरेल. तारा लुळ्या पडतील, बोट लागलं की सूर हलेल. तिथे तार सुमारे सव्वा ते दीडपट जाड हवी. तंबोऱ्याचा संच आणून कापून लावणं हे वीणेवर चालत नाही ते यामुळे.

आता मागे बसलेल्या मुलांकडे येतो. बेस गिटार. ही पण खर्जाचीच गोष्ट. चार तारा, लांबी बहुतेक 34 इंच म्हणजे 86 सेंटिमीटर. सगळ्यात जाड तार सेकंदाला 41 कंपनांवर, आपल्या काळी एकच्या खर्जाच्याही बरीच खाली. वाद्य तंबोऱ्यापेक्षा आखूड, सूर त्याहून खोल, आणि बोटाने जोरात वाजवायचं म्हणून ताणही 16 ते 20 किलो. हे साध्या पोलादी तारेने करायचं म्हटलं तर ती सव्वादोन मिलिमीटरहून जाड लागेल. सायकलची आरी दोन मिलिमीटरची असते. म्हणजे आरीपेक्षा जाड! ती वाजणार नाही, ठण्णकन आपटेल. म्हणून मधे बारीक पोलादी गाभा आणि त्यावर दुसऱ्या तारेचे वेढे. वजन वेढ्यांचं, लवचीकपणा गाभ्याचा.

वेढ्याचे प्रकार मुख्यतः तीन लक्षात ठेवा. गोल तारेचा वेढा म्हणजे राउंडवाउंड: आवाज खणखणीत, वरचे स्वर भरपूर, पण बोट सरकताना खरखर येते आणि पडदे झिजतात. 1966 च्या सुमारास इंग्लंडमधे या तारा रॉक संगीतात आल्या. चपट्या पट्टीचा वेढा म्हणजे फ्लॅटवाउंड: गुळगुळीत, गोल, ठाम आवाज. जुन्या अमेरिकन सोल गाण्यांतला जेम्स जेमरसन याच तारांवर वाजवायचा, आणि तार तुटेपर्यंत बदलायचा नाही. तिसरा नायलॉनच्या पट्टीचा वेढा: सगळ्यात मऊ, लाकडी डबल बेसच्या जवळ जाणारा. आत गाभा पोलादी असल्यामुळे चुंबकी पिकअपवर हाही चालतो. धातूत स्टेनलेस स्टील तेज आणि कठीण, निकेल चढवलेलं पोलाद मधलं, शुद्ध निकेल मवाळ.

मग निवडायचं कसं? भावगीत, भक्तिगीताच्या कार्यक्रमात ढोलकी किंवा पखवाज असेल, तर मधला भाग आधीच भरलेला असतो. तिथे फ्लॅटवाउंड खाली बसते, गायकाच्या आड येत नाही. ऑर्केस्ट्रात अंगठ्याने आपटून वाजवायचं असेल, तर राउंडवाउंड. बिनपडद्याच्या बेसवर राउंडवाउंड लावू नका, लाकूड खरवडलं जातं. नवशिक्याने 45 ते 105 चा नेहमीचा संच घ्यावा. बोटं दुखतात म्हणून 40 ते 100 घेतला तरी काही बिघडत नाही, पण दांडीचा बाक पुन्हा बघून घ्यावा लागेल.

एक प्रश्न आपल्या तालुक्याचा. घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओली, इकडे अकोल्याच्या पूर्वेला तेवढी नाही. पोलादी तार गंजते, पितळ काळवंडतं. गंज सगळीकडे सारखा चढत नाही. तार कुठे जड, कुठे हलकी होते, आणि मग ती सुरात लागतच नाही. परीक्षा सोपी आहे. तारेच्या बरोबर मध्यावर बोट अलगद टेकवून छेडा. वरचा षड्ज स्वच्छ, जुळलेला आला पाहिजे. डगमगला तर तार बदला, खुंटी पिळत बसू नका. रोज वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसलं तर तार जास्त टिकते.

शेवटचा प्रश्न: जुना मिरजेचा तंबोरा आहे, काळी एकचा, पण आता गायक काळी दोनला गातो. चढवावा का? त्याच तारा ठेवून चढवला, तर चारही तारांचा ताण सव्वापट होईल. तो भार पातळ तबलीवर आणि भोपळ्याच्या जोडावर जातो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून जुनं वाद्य जास्त ताण सोसेल असं नाही. त्याऐवजी प्रत्येक तार एक नंबर बारीक घ्या. 0.30 ची 0.27 केली की ताण जवळपास पूर्वीइतकाच राहतो. एका वेळी एकच तार बदला, चारही एकदम सोडू नका. आणि जाडी बदलली की जवारी पुन्हा लावून घ्यावी लागेल, ते काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या.

तारा घ्यायला जाताना एवढंच कागदावर लिहून न्या: वाद्याची लांबी, पट्टी, पहिली तार कोणत्या स्वराला लागते, आणि आत्ताच्या तारेची जाडी. चार ओळी होतील. दुकानदारालाही बरं पडेल.