नाव टेलस्टार, गाव लंडन, धुमाकूळ अमेरिकेत!

ऐक, एक कोडं घालते. एक धून आहे. तिच्यात एकही शब्द नाही! नुसते ड्रम, गिटार आणि आणखी एक गंमतशीर वाद्य. शब्द नसलेल्या अशा धुनेला 'इन्स्ट्रुमेंटल' म्हणतात. ही रॉक अँड रोलची धून जन्मली लंडनमध्ये. पण समुद्रापलीकडे, पार अमेरिकेत, तिने लोकांना वेड लावलं! कशामुळे असेल, ओळख बरं?

उत्तर आभाळात आहे!

१० जुलै १९६२ या दिवशी अमेरिकेतून एक उपग्रह उडाला. उपग्रह म्हणजे माणसाने वर पाठवलेलं, पृथ्वीभोवती फिरणारं यंत्र. याचं नाव टेलस्टार. रुंदी ८८ सेंटिमीटरच्या आसपास, वजन ७७ किलो, आकार चेंडूसारखा गोल. अंगभर ३,६०० सौर घट. त्यांच्यापासून वीज मिळायची किती? अवघी १४ वॅट! घरातला एखादा एलईडी दिवा खातो ना, जवळजवळ तेवढीच! आणि तेवढ्यावर हा पठ्ठ्या टीव्हीची चित्रं अटलांटिक महासागर ओलांडून पोचवायचा.

त्याची गरज का पडली? अगं, टीव्हीच्या लहरी जातात सरळ आणि पृथ्वी आहे गोल! समज, मैदानात तू भिंतीच्या अलीकडे आणि तुझी मैत्रीण पलीकडे. भिंत इतकी उंच, की चेंडू जाईचना. मग भिंतीवर एक गडी बसवायचा. तो चेंडू झेलणार आणि पलीकडे टाकणार! टेलस्टार हा तो गडी. फक्त याला एका जागी बसणं माहीत नव्हतं. अडीच तासांहून थोड्या जास्त वेळात तो पृथ्वीभोवती चक्कर मारायचा. त्यातली वीसेक मिनिटंच तो दोन्ही किनाऱ्यांना दिसायचा. मग टाटा!

त्यामुळे काय झालं माहितीये? २३ जुलैला युरोपातल्या लोकांना अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी थेट दिसणार होते. टेलस्टार वेळेवर आला, पण अध्यक्षांचं बोलणंच सुरू झालेलं नव्हतं! उपग्रह काही थांबणार नव्हता. मग शिकागोत चाललेली बेसबॉलची मॅच दाखवून टाकली!

हे सगळं पाहून लंडनमध्ये गाणी रेकॉर्ड करणाऱ्या जो मीकच्या डोक्यात धून घोळायला लागली. आता गंमत ऐक. या माणसाला ना वाद्य वाजवता यायचं, ना सुरांची लिपी लिहिता यायची! तो टेपवर गुणगुणायचा, आणि बाकीच्यांनी त्यातून चाल शोधून काढायची. त्याचा स्टुडिओ कुठे होता? होलोवे रोडवर, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या भाड्याच्या घरात! एक वादक या खोलीत, दुसरा त्या खोलीत. आवाज छान घुमावा म्हणून गाणाऱ्याला तो चक्क बाथरूममध्ये उभं करायचा!

तिथे 'द टॉर्नेडोज' नावाच्या पाच जणांनी ही धून वाजवली. रॉकेट सुटल्यासारखे आवाज जोने त्याच घरात तयार केले. धुनेचं नावही 'टेलस्टार'! १७ ऑगस्टला तबकडी बाजारात आली. उपग्रह उडून दीड महिनाही झाला नव्हता!

इंग्लंडमध्ये ती पहिल्या नंबरवर गेली. ठीक आहे, घरचंच गाणं. पण डिसेंबरमध्ये ती अमेरिकेतही पहिल्या नंबरवर! आणि तिथे तीन आठवडे ठाण मांडून बसली! याआधी इंग्लंडच्या एकाही बँडला हे जमलं नव्हतं. ते जगप्रसिद्ध बीटल्ससुद्धा अमेरिकेत पहिले आले ते १९६४ साली, म्हणजे टॉर्नेडोजनंतर!

काही जण म्हणतील, शब्द नव्हते म्हणून ती सगळ्यांना कळली. छे! इंग्लंडमध्ये इंग्रजी आणि अमेरिकेतही इंग्रजीच, शब्द असते तरी अडलं नसतं. मला वाटतं, नावानेच अर्धं काम केलं. टेलस्टार त्यांचाच लाडका उपग्रह ना!

बिचारा उपग्रह मात्र फार टिकला नाही. तो उडायच्या आदल्याच दिवशी अमेरिकेनेच पॅसिफिक महासागरावर, पार अवकाशात, अणुबॉम्ब फोडून पाहिला होता. त्यातून निघालेल्या किरणोत्साराने टेलस्टारचे नाजूक भाग बिघडले आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा बंद पडला.

आणि ते गंमतशीर वाद्य? त्याचं नाव क्लाव्हिओलिन. फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी ते बनवलं. दिसायला छोटीशी पेटी, पण भाता नाही, सूर विजेवर निघतो! दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी सूर एकच. आणि आवाज लहानमोठा कशाने करायचा? गुडघ्याने! पट्ट्यांखाली तशी एक दांडी असते.

आता सगळ्यात भारी गोष्ट! हेच वाद्य लंडनच्या आठ वर्षं आधी आपल्या मुंबईत गाजलं होतं. १९५४ चा 'नागिन' सिनेमा आजीला नक्की आठवेल. त्यातल्या बीनवर सगळा देश डोलला. पण ती बीन गारुड्याच्या पुंगीतून आलेलीच नव्हती! ती कल्याणजींनी क्लाव्हिओलिनवर वाजवली होती. पुढे संगीतकार कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजले ना, त्यांच्यातले कल्याणजी!

ही गोष्ट आजीला सांग. आणि मोबाइलवर आधी ती बीन लाव, मग लगेच 'टेलस्टार'. बघू, आजीला वाद्य ओळखता येतं का!