साबण मुरतो कुठे?

घरी साबण करणे आता नवलाईचे राहिलेले नाही. खोबरेल तेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी यांचे प्रमाण कळले की तासाभरात मिश्रण साच्यात पडते. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. वडी तयार दिसते, पण वापरण्याजोगी झालेली नसते. लोणच्याप्रमाणे साबणही मुरावा लागतो. आणि तो ठेवायचा कुठे, हे पाम, बोईसर, तारापूर या आपल्या दमट पट्ट्यात फार महत्त्वाचे ठरते.

मुरणे म्हणजे काय, ते आधी पाहू. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १७५ ग्रॅम कॉस्टिक सोडा व ३५० ग्रॅम पाणी घेतात. तेल आणि सोडा यांची रासायनिक क्रिया पहिल्या एक-दोन दिवसांत बहुतांशी आटोपते. पाणी मात्र वडीतच राहते. ते उडून वडी घट्ट व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. घाईने वापरलेली वडी न्हाणीघरात लवकर लिबलिबीत होते. विक्रीसाठी साबण करणाऱ्या बचत गटाचे तर दुहेरी नुकसान. शंभर ग्रॅमची म्हणून विकलेली ओली वडी पुढे नव्वद ग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

शिवाय घरगुती साबणात ग्लिसरीन शिल्लक असते. ते हवेतले पाणी ओढून घेते. म्हणूनच पावसाळ्यात अशा वड्यांना घाम फुटतो.

सातपाटीला बोंबील वाळतात ते ऊन आणि वारा या दोहोंच्या जोरावर. साबणाला फक्त वारा हवा, ऊन नको. उन्हाने वडी मऊ पडते आणि तेल खवट होण्याचा धोका वाढतो. स्वयंपाकघरात वाफ, न्हाणीघराजवळ ओल, कपाटात कोंडलेली हवा. म्हणून या तिन्ही जागा बाद. कौलारू घरात माळा हवेशीर असतो, पण दुपारी तापतो आणि तिथे उंदीर साबण कुरतडतात. त्यापेक्षा माजघरातील उंच फळी बरी. चाळीत किंवा ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांनी आतल्या खोलीत, कपाटाच्या माथ्यावर, बांबूच्या सुपात वड्या ठेवाव्यात. ॲल्युमिनियमचे ताट वापरू नये; ताज्या साबणातील अल्कली त्याला खाते. दोन वड्यांत बोटभर अंतर असावे आणि आठवड्यातून एकदा त्या उलटाव्यात.

पॅलेस्टाईनमधील नाब्लुस शहरात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसते. तिथे ऑलिव्ह तेलाच्या साबणाच्या वड्या मधे फटी ठेवून, आतून पोकळ अशा उंच मनोऱ्यांत रचतात. वारा आरपार खेळतो. २०२४ मध्ये युनेस्कोने या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली.

आपली जागा योग्य आहे की नाही, हे तराजू सांगतो. एका वडीवर खूण करून दर आठवड्याला तिचे वजन वहीत लिहावे. वजन उतरत असेल तर जागा चांगली. चार-सहा आठवडे झाले आणि वजन उतरायचे थांबले, तर साबण मुरला. वजन उलट वाढू लागले, तर जागा तरी चुकली किंवा ऋतू तरी.

ऋतूचे म्हणाल तर दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा साबण करावा. जून ते सप्टेंबर या काळात नवा घाणा न घालता आधी मुरलेला साबण कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात जपावा. तेल आणि सोडा पैसे देऊन मिळतात. कोरडा वारा मात्र आपल्याकडे वर्षातून थोडेच महिने मिळतो.