पॉवर सप्लाय बदलताना जुन्या केबलींचा पुनर्वापर

संगणकाचा पॉवर सप्लाय निकामी झाला म्हणजे त्याच्या जागी नवा बसविणे हे काम वरकरणी अगदी सोपे वाटते. मदरबोर्ड व हार्ड डिस्क यांच्यापर्यंत गेलेल्या केबली आधीच नीट ओढून बांधलेल्या असतात. नव्या पेटीची खोबणही त्याच आकाराची दिसते. तेव्हा जुनी पेटी काढावी, नवी ठेवावी आणि त्याच केबली तिच्यात खोचाव्यात, असा विचार साहजिकच मनात येतो. काटकसरीची सवय लागलेल्या प्रयोगशाळेत तर तो अधिकच प्रबळ होतो. परंतु या विचारापायी हार्ड डिस्क आणि तिच्यावर साठविलेली कित्येक महिन्यांची निरीक्षणे क्षणार्धात गमावण्याचा संभव असतो. असे का व्हावे, हे पाहण्यासारखे आहे.

पॉवर सप्लाय हा घरगुती विजेच्या प्रत्यावर्ती प्रवाहापासून मुख्यतः १२, ५ व ३.३ व्होल्ट असे तीन एकदिश दाब निर्माण करतो. कोणता दाब कोणत्या पिनेवर यावा, हे इंटेल कंपनीने १९९५ साली प्रसृत केलेल्या एटीएक्स या प्रमाणाने व त्याच्या पुढील आवृत्त्यांनी निश्चित केले. त्यानुसार पिवळी तार १२ व्होल्टांची, तांबडी ५ व्होल्टांची, नारिंगी ३.३ व्होल्टांची आणि काळी शून्य दाबाची, असा संकेत रूढ झाला. मात्र हे प्रमाण ठरले त्या काळी केबली पेटीच्या आतच कायमच्या डाखविलेल्या असत. केबलीला मोकळे टोक एकच होते. साहजिकच नियमही त्या एका टोकापुरतेच झाले. पुढे अनावश्यक केबली काढून ठेवता याव्यात म्हणून मॉड्युलर पद्धतीचे पॉवर सप्लाय आले आणि केबलीला पेटीकडील दुसरे टोक प्राप्त झाले. या टोकावरील पिनांचा क्रम कसा असावा, हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या सोयीने ठरविले. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही हा क्रम भिन्न असू शकतो; कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या पेट्या पुष्कळदा निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात. प्लॅस्टिकचे साचे मात्र बहुधा सारखेच वापरले जातात. म्हणून केबल खोबणीत बसते. पण ती बसली एवढ्यावरून ती योग्य आहे असे सिद्ध होत नाही. आजकाल सर्वच तारा काळ्या ठेवण्याची पद्धत असल्याने रंगाची खूणही उरलेली नाही.

चुकीच्या केबलीमुळे काय घडते, ते दोन प्रकारांनी पाहावे लागते. पहिल्या प्रकारात १२ व्होल्टांची पिन थेट शून्य दाबाच्या तारेशी जोडली जाते. येथे प्रवाह एकदम वाढतो, पेटीतील संरक्षक मंडल तो तत्काळ तोडते आणि संगणक सुरूच होत नाही. दुसरा प्रकार अधिक घातक होय. त्यात १२ व्होल्टांचा दाब डिस्कच्या ५ व्होल्टांच्या वाटेवर येतो. पेटीचे संरक्षक मंडल केवळ स्वतःच्या बाहेर पडणाऱ्या दाबांवर लक्ष ठेवते. आणि तिच्या दृष्टीने १२ व्होल्ट हे १२ व्होल्टच असतात. तो दाब पुढे कोणत्या वाटेने गेला, हे तिला कळण्याचा मार्ग नसतो. दाब २.४ पट झाला असता साध्या रोधातील उष्णता सुमारे ५.८ पट होते. नाजूक अर्धवाहक मंडले तर त्याहूनही लवकर जळतात. डिस्कमधील चुंबकीय चकत्या कित्येकदा शाबूत राहतात. परंतु त्या डिस्कपुरती विशिष्ट असलेली माहिती तिच्या मंडलपट्टीवरील चिपमध्ये असल्यामुळे केवळ दुसरी पट्टी लावून काम भागत नाही.

मग जुने काहीच वापरता येत नाही काय? भिंतीपासून पेटीपर्यंतची केबल वापरता येते. कारण तिच्या जोडणीस आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ती सुस्थितीत आहे आणि तिची प्रवाहक्षमता पुरेशी आहे, एवढे पाहिले म्हणजे पुरे. पेटीच्या आतील बाजूच्या केबली मात्र उत्पादकाने त्या दोन विशिष्ट पेट्यांसाठी त्या परस्परांस चालतात असे स्पष्ट नमूद केले असेल, तरच वापराव्यात. असे लेखी आश्वासन नसेल, तर मल्टिमीटरने मोजल्याविना कोणतेही उपकरण जोडू नये. साटा केबलीच्या बाबतीत ही तपासणी सोपी आहे. केबलीचे डिस्ककडील टोक मोकळे ठेवून पेटी सुरू करावी व त्या टोकावर दाब मोजावेत. एका कडेपासून अनुक्रमे ३.३, शून्य, ५, शून्य व १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. आणि तिन्ही दाबांत ५ टक्क्यांहून अधिक फरक असता कामा नये. एकही आकडा जुळला नाही तरी ती केबल बाजूला ठेवावी.

तथापि सर्वांत सुरक्षित मार्ग नव्या पेटीबरोबर आलेल्या केबली वापरण्याचाच होय. त्या ओवण्यास तासभर अधिक लागेल; पण जुन्या केबली जुन्या पेटीबरोबरच बांधून ठेवल्या आणि त्यांवर त्या पेटीचे नाव लिहिले, तर पुढे कपाटात हात घालणाऱ्याचीही फसगत होणार नाही.